पहाट, थंडी आणि हृदयविकार

व्यापाऱ्यास वेळेचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु आपल्या शरीराचेही एक घड्याळ आहे आणि त्याच्या काट्यांबरोबर नाडी, रक्तदाब व रक्त गोठण्याची प्रवृत्ती दिवसभर कमीअधिक होत असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. हृदयविकाराचा झटका वेळ सांगून येत नाही असे आपण म्हणतो. एका माणसापुरते ते खरेच आहे. परंतु हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र मांडल्या म्हणजे त्यालाही ठराविक वेळा व ऋतू आहेत असे दिसून येते.

१९८५ साली अमेरिकेत जेम्स मुल्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २,९९९ रुग्णांच्या झटक्यांच्या वेळा तपासल्या. सकाळी ६ ते दुपारी १२ या अवधीत झटके सर्वाधिक आले होते. रक्ततपासणीवरून ज्यांची वेळ निश्चित करता आली, अशा ७०३ रुग्णांत रात्री ११ च्या मानाने सकाळी ९ च्या सुमारास हे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले.

याचे कारण काय? झोपेतून उठण्याच्या सुमारास शरीर दिवसाच्या श्रमांसाठी सज्ज होऊ लागते. कॉर्टिसोल व अॅड्रिनॅलिन ही द्रव्ये रक्तात वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. अंथरुणातून उठून उभे राहिल्यावर रक्तातील प्लेटलेट कण परस्परांस अधिक चिकटू लागतात. आणि झालेली गुठळी विरघळविण्याची रक्ताची स्वाभाविक शक्ती नेमकी सकाळीच मंद असते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत चरबीचा थर साचलेला असला, तर अशा वेळी तो तडकतो, त्यावर गुठळी जमते, रक्ताची वाट बंद होते व पुढील स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो.

ऋतूंचेही तसेच आहे. थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त दाट होते व हृदयावर भार पडतो. हा धोका केवळ बर्फाळ देशांत असतो असे मात्र नव्हे. लॉस एंजेलिसचा हिवाळा सौम्य असतो. तरीही रॉबर्ट क्लोनर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेथे डिसेंबर-जानेवारीत हृदयरोहिणीच्या विकाराने होणारे मृत्यू जून ते सप्टेंबरच्या मानाने एकतृतीयांशाने अधिक आढळले. युरोपातील १९९७ च्या एका पाहणीत तर असे दिसले की, तापमान सारखेच उतरले तरी उबदार प्रदेशांतील लोकांत मृत्यू अधिक वाढतात. कारण तेथील घरे ऊब धरणारी नसतात व लोक पुरेसे गरम कपडे घालीत नाहीत. बेळगावकरांनी व निपाणीकरांनी पौष-माघातील पहाट या दृष्टीने ध्यानात घ्यावी. फ्लूचा ताप हेही एक कारण होय. कॅनडातील २०१८ च्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यापासून पहिल्या सात दिवसांत झटक्याचा संभव सहापट वाढलेला आढळला. वैशाखातील उन्हाळाही निर्धोक नाही. घामाने पाणी आटून रक्त दाट होते.

तथापि दोष सर्वस्वी घड्याळाचा किंवा पंचांगाचा नव्हे. हुंडीची मुदत ज्या दिवशी भरते, त्या दिवशी काही कर्ज झालेले नसते. ते पूर्वीचे असते. तद्वत् पहाट व थंडी ही केवळ मुदत होय. कर्ज साचते ते अनेक वर्षांच्या रक्तदाबाने, मधुमेहाने, बैठ्या कामाने आणि तंबाखूने. निपाणीची पेठ ज्या पिकावर नावारूपास आली, त्याविषयी येथे स्पष्ट बोलणे अवश्य आहे. विडीच्या धुराने रोहिणीचे अस्तर बिघडते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्त गोठू पाहते. म्हणजे पहाट व थंडी जे करतात, तेच विडीही करते. आणि चहाबरोबरची पहिली विडी तर या दोहोंत तिसरी भर घालते. माल विकणाऱ्याने तो स्वतः ओढलाच पाहिजे असा व्यापाराचा कोणताही नियम नाही.

मग करावे काय? रक्तदाबाच्या रुग्णाने उठल्याबरोबर धावपळ करू नये. क्षणभर बसून मग उभे राहावे. अभिषेकासाठी पहाटे थंड पाण्याने स्नान करून ओलेत्याने राहणाऱ्या वृद्धांनी कोमट पाणी व कोरडे वस्त्र वापरावे. फिरावयास जाणे सोडू नये. हिवाळ्यात ऊन पडल्यावर, कान-छाती झाकून जावे. चौविहार पाळणाऱ्यांस रात्रीच्या गोळीची चिंता वाटते. ब्रिटनमध्ये झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, २१ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत असे दिसून आले की, रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली काय किंवा संध्याकाळी घेतली काय, झटके टाळण्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारून सोयीची वेळ ठरवावी. व्रतासाठी गोळी परस्पर बंद करू नये.

सर्वांत महत्त्वाचे ते हे. सकाळी छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घाम किंवा धाप लागल्यास 'रात्रीचे जेवण बाधले' म्हणून सोडा पिऊन दुकान उघडावयास जाऊ नये. मधुमेही माणसाला कधी कधी कळ न येता नुसता घामच येतो, हेही लक्षात असावे. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. कोठे न्यावे या वादात वेळ दवडू नये. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच आहे. प्रथम जवळच्या रुग्णालयात हृदयालेख काढावा. कर्नाटक शासनाच्या डॉ. पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत अनेक तालुका रुग्णालयांतून गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मोफत देण्याची सोय आहे. परंतु त्याचा गुण पहिल्या काही तासांतच अधिक येतो. दुकान तासभर उशिरा उघडल्याने गिऱ्हाईक तुटत नाही. रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला तास मात्र भरून काढता येत नाही.