संगणक शिकायचा म्हणजे काय?

हायस्कुलात संगणक शिकवतात, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. पण संगणक शिकवायचा म्हणजे काय शिकवायचे? पुष्कळांना वाटते, बटणे दाबायला शिकवायचे. "आमच्या घरी यंत्र नाही. आमची पोर मागेच राहणार," असे आईबाप म्हणतात. हे खरे आहे का? आपण पाहू या.

न्यूझीलंड देशात क्राइस्टचर्च नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक टिम बेल आणि त्यांचे सोबती यांनी एक काम केले. १९९० नंतरच्या दहा वर्षांत त्यांनी संगणकशास्त्राचे धडे तयार केले. पण ते यंत्राशिवाय शिकवायचे धडे!

त्यांतला एक धडा असा. पुठ्ठ्याची पाच कार्डे घ्या. पहिल्यावर १ ठिपका काढा. मग दर कार्डावर मागच्याच्या दुप्पट. म्हणजे १, २, ४, ८, १६. कार्ड एक तर उताणे ठेवायचे, नाही तर पालथे. उताण्या कार्डांवरचे ठिपके तेवढे मोजायचे. आता १३ करायचे आहेत. ८, ४ आणि १ उताणी ठेवा, बाकीची पालथी. झाले की १३! या पाच कार्डांत ० पासून ३१ पर्यंत कोणतीही संख्या होते.

यात संगणक कुठे आला? ऐका. यंत्राच्या पोटात पुठ्ठा नसतो, वीज असते. वीज चालू म्हणजे कार्ड उताणे. वीज बंद म्हणजे कार्ड पालथे. यंत्राला एवढेच कळते.

मग ते अक्षर कसे दाखवते? प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून दिलेला आहे. आपल्या 'अ'चा क्रमांक २३०९. आता कार्डे दुप्पट करीत २०४८ पर्यंत न्या. ती १२ होतात. त्यांतली २०४८, २५६, ४ आणि १ उताणी ठेवा. बेरीज करून पाहा. झाला 'अ'! आपण 'अ' गिरवून शिकलो. यंत्र तो मोजून ओळखते.

बटणे दर काही वर्षांनी बदलतात. ही रीत बदललेली नाही. हायस्कुलात शिकवायची ती ही.

मग यंत्र नकोच का? तसे नाही. पुढे मुलांना यंत्रासाठी हुकूम लिहावे लागतात. ते क्रमाने लिहायचे असतात. माणूस चुकलेले समजून घेतो, यंत्र घेत नाही. लिहिले तेवढेच ते करते. आपली चूक शोधायला यंत्रापुढे बसावेच लागते. म्हणून शाळेत यंत्र हवे. ते कुलपात नको. मुलांच्या हाती आले पाहिजे, आणि मुलींच्याही.

पण तोवर नुसती वाट पाहू नका. पुठ्ठा आणि कोळसा घरात आहेच. मुलांना जवळ घेऊन बसा आणि विचारा: २१ करायला कोणती कार्डे उताणी ठेवशील?