पादचिकित्सा शिक्षण

मानवी पाऊल व घोटा यांच्या विकारांचे निदान, उपचार आणि प्रतिबंध यांचा विचार करणाऱ्या आरोग्यशास्त्राच्या शाखेस पादचिकित्सा अथवा पोडिॲट्री असे म्हणतात. पाऊल आणि वैद्य या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले आहे. ब्रिटन, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इ. देशांत या विषयाचे स्वतंत्र विद्यापीठीय अभ्यासक्रम असून ते पूर्ण करणाऱ्यांना पादचिकित्सक म्हणून व्यवसाय करता येतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे ब्रिटनमधील पदवी-शिक्षणाचा विचार केला आहे. कुरुपे कापण्याचा एक सामान्य हस्तव्यवसाय विद्यापीठाच्या अभ्यासाचा विषय कसा झाला, हे तेथे टप्प्याटप्प्याने स्पष्टपणे पाहावयास मिळते.

एका पावलात २६ हाडे व ३३ सांधे असतात. प्रौढ माणसाच्या शरीरातील २०६ हाडांपैकी ५२, म्हणजे चतुर्थांशाहून अधिक हाडे, दोन्ही पावलांत मिळून असतात. त्यांना जोडणारे अस्थिबंध, त्यांना हलविणारे स्नायू व त्यांच्या कंडरा यांची संख्या शंभरावर जाते. टाच टेकताना हेच पाऊल सैल होऊन जमिनीचा उंचसखलपणा सामावून घेते आणि पुढच्या क्षणी कठीण होऊन शरीर पुढे ढकलण्यास तरफेसारखे उपयोगी पडते. हृदयापासून ते सर्वांत दूर असल्यामुळे रक्ताभिसरणातील उणीव पुष्कळदा तेथे प्रथम प्रकट होते. लांब तंत्रिकांची (मज्जातंतूंची) टोकेही तेथेच असल्यामुळे संवेदना कमी होण्यास बहुधा बोटांपासूनच सुरुवात होते. त्यामुळे पादचिकित्सेच्या विद्यार्थ्याला पाऊल हे एका सुट्या अवयवाप्रमाणे शिकविता येत नाही. संपूर्ण शरीराचे आरोग्य पावलाच्या द्वारे वाचावयास तो शिकतो.

इतिहास : युरोपात अठराव्या शतकापर्यंत कुरुपे काढणारे लोक बाजारात व जत्रांत फिरून धंदा करीत. १७८५ मध्ये डेव्हिड लो याने लंडन येथे या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यातून ‘किरोपोडिस्ट’ ही संज्ञा रूढ झाली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश राजघराण्याचा पादचिकित्सक ल्युइस डर्लेकर याने १८४५ मध्ये कुरुपे, अंगठ्याच्या बुडाशी येणारे उंचवटे व नखांचे विकार यांवर पुस्तक लिहिले. अमेरिकेत आयझॅकर झॅकरी हा अब्राहम लिंकन यांचे पाय पाहत असे. या व्यक्तींना प्रतिष्ठा लाभली; व्यवसायाला मात्र ती लाभण्यास बराच काळ लागला. न्यूयॉर्कमध्ये व्यावसायिकांची संघटना १८९५ मध्ये व शाळा १९११ मध्ये स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १९१२ नंतर संघटना उभी राहून गरीब रुग्णांसाठी लंडनमध्ये एक पादचिकित्सालय निघाले व पुढे त्याला शाळेची जोड मिळाली. १९६० च्या कायद्याने तेथे शासकीय नोंदवही सुरू झाली. तथापि नोंद नसलेल्यांना खाजगी व्यवसाय करण्याची मुभा राहिलीच. १९७२ मध्ये पात्र व्यावसायिकांना स्थानिक संवेदनाहारक औषध टोचण्याची परवानगी मिळाली. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या घटनेने अभ्यासक्रमाचे स्वरूपच पालटले. कारण सुई हाती आल्यावर औषधिक्रियाविज्ञान व आकस्मिक उपचार यांचे शिक्षण अनिवार्य झाले. १९८० नंतरच्या काळात जुन्या पदविकेची जागा पदवीने घेतली. २००३ मध्ये नवी नोंदवही सुरू होऊन किरोपोडिस्ट व पोडिॲट्रिस्ट या दोन्ही नावांना कायद्याचे संरक्षण मिळाले. २०१३ मध्ये विशेष प्रशिक्षण घेतलेल्या पादचिकित्सकांना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकारही प्राप्त झाला.

अभ्यासक्रम : इंग्लंडमध्ये पदवीचा काल सामान्यतः तीन व स्कॉटलंडमध्ये चार वर्षांचा असतो. प्रवेशासाठी शालेय शिक्षणात एखादा विज्ञान विषय, विशेषतः जीवविज्ञान, अपेक्षित असतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान, विकृतिविज्ञान, त्वचाविज्ञान, औषधिक्रियाविज्ञान, संधिवातादी विकार व संशोधनपद्धती हे विषय इतर आरोग्यशाखांप्रमाणेच येथेही असतात. वेगळेपण आहे ते हातांच्या शिक्षणात. विद्यापीठाच्या स्वतःच्या चिकित्सालयात विद्यार्थी पहिल्या वर्षापासूनच प्रत्यक्ष रुग्णांसमोर बसतो व देखरेखीखाली धारदार पाते चालविण्यास शिकतो. तीन वर्षांत मिळून सु. १,००० तास असे प्रात्यक्षिक काम करावे लागते. त्यातील काही भाग रुग्णालयांत व समाजातील चिकित्सालयांत पुरा केला जातो.

घट्टा व कुरूप यांच्यापासून प्रारंभ होतो. वारंवार दाब वा घर्षण झाल्यास त्वचेचा बाह्य थर जाड होतो, तो घट्टा. दाब एका बिंदूवर एकवटला की त्या थराचा शंकूच्या आकाराचा कठीण गाभा आत रुतत जातो, ते कुरूप. नवशिक्याची पहिली समजूत अशी असते, की गाभा कोरून काढला म्हणजे काम झाले. रुग्णाला तत्काळ बरे वाटते हे खरे. पण दाबाचे कारण, मग ते अरुंद बूट असो, वाकडे झालेले बोट असो किंवा चालण्याची ढब असो, कायम राहिल्यास काही आठवड्यांत कुरूप पुन्हा उद्भवते. म्हणून प्रत्येक कुरुपामागचे कारण शोधून ते लिहून काढण्याची शिस्त विद्यार्थ्याला लावली जाते. बाजारात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांत बहुधा सॅलिसिलिक अम्ल असते. निरोगी माणसाला ते फारसे बाधत नाही. परंतु पावलाची संवेदना गेलेल्या मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत तेच अम्ल भोवतालची चांगली त्वचा जाळून व्रण निर्माण करू शकते.

जैव यामिकी हा दुसरा महत्त्वाचा विषय होय. चालण्याच्या एका आवर्तनात पाऊल सु. ६० टक्के काळ जमिनीवर व ४० टक्के काळ हवेत असते. या आवर्तनाचे टप्पे ओळखणे, सांध्यांच्या हालचाली मोजणे आणि त्यांनुसार बुटात घालावयाचे आधार तयार करणे, हे यात शिकवितात. अमेरिकन पादचिकित्सक मर्टन रूट व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा या विषयावर दीर्घकाळ प्रभाव होता. त्यांनी मानलेली पावलाची आदर्श स्थिती पुढील संशोधनात सर्वमान्य राहिली नाही. एखादी उपपत्ती चिकित्सालयात सोयीची असूनही मोजमापाच्या कसोटीवर अपुरी पडू शकते, हा धडा विद्यार्थ्यांना येथे मिळतो व तो मूळ उपपत्तीहून कमी मोलाचा नाही.

नखांच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण पुढील वर्षांत होते. अंगठ्याचे नख कडेने मांसात रुतल्यास बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना संवेदनाहारक टोचून नखाची तेवढीच कड काढतात आणि ती पुन्हा उगवू नये म्हणून नखाच्या मुळाशी फिनॉल लावतात. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला ही क्रिया स्वतः करता आली पाहिजे, अशी अपेक्षा असते. हाडांवरील शस्त्रक्रिया मात्र पदवीच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी पुढे अनेक वर्षांचे प्रशिक्षण घ्यावे लागते.

संवेदनाहीन पाऊल : या शिक्षणाचे खरे महत्त्व जेथे दिसून येते असा विषय म्हणजे मधुमेहजन्य पादविकार [⟶ मधुमेह]. २०१७ मधील एका अंदाजानुसार मधुमेही व्यक्तींपैकी १९ ते ३४ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हा ना केव्हा पावलाचा व्रण होतो. तंत्रिकांची हानी, रोहिणींचे आकुंचन व जंतुसंसर्ग यांपैकी दोन वा तीन कारणे एकत्र आली म्हणजे अंगच्छेदनाची पाळी येते. बुटात पडलेला खडा दिवसभर टोचत असूनही रुग्णाला कळत नाही; संध्याकाळी मोज्याला लागलेले रक्त पाहून तो प्रथम सावध होतो.

अशा पावलाची तपासणी साधी दिसते. १० ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा तंतू तळपायाच्या ठराविक जागी टेकवितात व डोळे मिटलेल्या रुग्णाला स्पर्श जाणवला की नाही हे पाहतात. घोट्याजवळच्या व पावलाच्या पाठीवरच्या नाड्या बोटांनी चाचपतात. घोटा व दंड येथील रक्तदाबांचे गुणोत्तरही काढतात. परंतु मधुमेहात रोहिणींच्या भित्ती कॅल्शियम साचून कठीण होत असल्यामुळे हे गुणोत्तर फसवे व वाजवीपेक्षा चांगले येऊ शकते. आकडा समाधानकारक असला, तरी पाऊल थंड व निस्तेज दिसत असल्यास डोळ्यांवर विश्वास ठेवून अंगठ्यातील दाब मोजावा, असे शिकविले जाते. तसेच गरम, लाल व सुजलेले पण फारसे न दुखणारे पाऊल दिसल्यास ते जंतुसंसर्ग समजून सोडून देता येत नाही. त्यात शार्को याच्या नावाने ओळखला जाणारा विकार असू शकतो. या विकारात हाडे मऊ होऊन ढासळतात आणि रुग्ण चालत राहिल्यास तळपायाची कमान उलटी होऊन बसते. पाऊल त्वरित साच्यात बांधून त्यावरील भार काढणे हाच मुख्य उपाय होय. ब्रिटनमधील २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा रुग्ण कामाच्या एका दिवसाच्या आत विशेषज्ञांच्या गटाकडे पोहोचविणे आवश्यक आहे. पाते केव्हा चालवावे याहून केव्हा चालवू नये हे ठरविण्यात विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. रक्तपुरवठा नसलेल्या बोटाचा काळा, कोरडा भाग उत्साहाने खरवडल्यास जखम भरून येत नाही.

या ज्ञानाचा एक मोठा भाग भारतातून गेला आहे, ही गोष्ट पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत बहुधा एखाद्या वाक्यात आटोपली जाते. १९४६ पासून वेल्लोर येथे कार्य करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांना असे आढळले, की कुष्ठरोग्यांची बोटे व पावले रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना न जाणवल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजा त्यांच्या नाशास कारणीभूत होतात [⟶ कुष्ठरोग]. व्रण झालेले पाऊल साच्यात बांधून त्यावरील दाब सर्वत्र वाटून देण्याची पद्धत, तसेच सूक्ष्मकोशिक रबराच्या मऊ तळाच्या चपला, यांचा प्रसार त्या परिसरातील कार्यातून झाला. तशा चपला महाराष्ट्रातील कुष्ठरुग्णांच्याही परिचयाच्या आहेत. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हीच दृष्टी तेथे मधुमेहींच्या पावलांना लावण्यात आली. वर उल्लेखिलेल्या १० ग्रॅमच्या तंतूचे प्रमाणही कारव्हिल येथील संशोधनातून निश्चित झाले.

विद्यार्थी व व्यवसाय : गरज वाढत असताना विद्यार्थी पुरेसे मिळत नाहीत, ही ब्रिटनमधील या शिक्षणाची मोठी अडचण आहे. इंग्लंडमध्ये २०१७ पर्यंत पादचिकित्सेच्या विद्यार्थ्यांचे शुल्क शासन भरीत असे व त्यांना निर्वाहवेतन मिळे. त्या वर्षापासून नव्या विद्यार्थ्यांना इतरांप्रमाणे कर्ज काढावे लागले व प्रवेशेच्छूंची संख्या घटली. विशेषतः संसार सांभाळून, दुसरा व्यवसाय म्हणून या विषयाकडे वळणारे प्रौढ विद्यार्थी कमी झाले. त्यांच्या अंगी आलेला धीर व वृद्ध रुग्णांशी बोलण्याची हातोटी या कामात फार उपयोगी पडत असे. २०२० पासून वर्षाला ५,००० पौंडांचे अनुदान व विद्यार्थी कमी असलेल्या विषयांसाठी १,००० पौंडांची जादा रक्कम देण्यास सुरुवात झाली. पादचिकित्सा या विषयांपैकी एक आहे. नोकरी करीत पदवी मिळविण्याची उमेदवारी योजनाही सुरू झाली आहे. व्यावसायिकांच्या संस्थेला २०२१ मध्ये ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. तथापि दुसऱ्याच्या पायांना हात लावण्याविषयीचा संकोच बिरुदांनी दूर होत नाही. शालेय वयातील मुलांना तर हा व्यवसाय अस्तित्वात आहे हेच पुष्कळदा माहीत नसते.

इतर देश : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे शिक्षण पदवीनंतर सुरू होते. चार वर्षांच्या अभ्यासाअंती पादवैद्यकाची डॉक्टर ही पदवी मिळते व नंतर रुग्णालयात तीन वर्षे निवासी प्रशिक्षण घ्यावे लागते. तेथील पादचिकित्सक हाडांवरील शस्त्रक्रियाही करतो. ऑस्ट्रेलियात पदवी सामान्यतः चार वर्षांची असून २०१० पासून देशभर एकच नोंदणी-व्यवस्था आहे. एका देशातील पदवी दुसऱ्या देशात आपोआप मान्य होत नाही. परदेशी शिकू इच्छिणाऱ्याने ही गोष्ट प्रवेशापूर्वीच ध्यानात घेणे इष्ट ठरते.

भारतात पादचिकित्सा हा स्वतंत्र पदवीचा विषय म्हणून फारसा रुजलेला नाही. मधुमेहतज्ञ, शल्यचिकित्सक, भौतिकोपचारज्ञ, कृत्रिम अवयव व आधार तयार करणारे तंत्रज्ञ आणि परिचारिका यांच्यात हे काम विभागलेले असते. काही वैद्यकीय संस्थांत मधुमेहजन्य पादविकारांचे अल्पकालीन प्रशिक्षण मिळते. अनवाणी अथवा उघड्या चपलेने चालण्याची सवय, शेतातील चिखल व काटे, टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या, तापलेल्या फरशीवरून घातलेल्या प्रदक्षिणेत भाजलेले संवेदनाहीन तळवे ही येथील कारणे ब्रिटिश अभ्यासक्रमात क्वचितच आढळतात. त्यामुळे बंद बुटावर आधारलेला तो अभ्यासक्रम जसाच्या तसा येथे आणणे पुरेसे होणार नाही. २०२१ मध्ये संसदेने संमत केलेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात मान्य व्यवसायांची अनुसूची दिलेली असून तीत पादचिकित्सकाचाही समावेश करण्यात आला आहे.