हवेतला दहीवडा

द्रोणात मऊ वडा, त्यावर काठोकाठ दही. इंदूरच्या सराफ्यात जोशी दहीबड्याच्या दुकानात हा भरलेला द्रोण सरळ वर भिरकावतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क दोन पावलं मागे सरकलो होतो. द्रोण गिरकी न घेता वर गेला, खाली आला, अलगद हातात विसावला. दह्याचा एक थेंबही सांडला नाही.

असं का होतं? हातातून सुटताना द्रोणाचा आणि दह्याचा वेग सारखाच असतो. पुढे पृथ्वी दोघांनाही सारखंच ओढते. दर सेकंदाला वेगात ९.८ मीटर प्रति सेकंद इतका फरक. त्यामुळे वर जाताना काय, खाली येताना काय, दोघं एकमेकांच्या सोबतीनेच असतात. दही त्या वेळात द्रोणावर टेकलेलं असतं, पण त्याचा भार द्रोणावर पडत नाही. दोन मीटर वर गेलेला द्रोण सव्वा सेकंदात परत येतो. अंतराळवीर महिनोन्‌महिने ज्या वजनरहित अवस्थेत राहतात, ती या दह्याला सव्वा सेकंद मिळते! बाकीची करामत हाताची. सोडताना द्रोण तिरपा व्हायला नको, झेलताना हात द्रोणाबरोबर खाली यायला हवा. हात ताठ राहिला तर दही अंगावर.

मग मसाले. मीठ, तिखट, जिरं असे पाच मसाले एकाच चिमटीत धरायचे आणि एकेक करून वेगवेगळे सोडायचे. हे मात्र मला अजून उलगडलेलं नाही.

हे सगळं चालतं ते राजवाड्याजवळच्या सोन्या-चांदीच्या पेठेत. दिवसा इथे दागिन्यांचा व्यवहार. रात्री शटर ओढली की त्याच दुकानांपुढे भट्ट्या पेटतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हलत नाही. रात्रभर माणसांची जाग राहिली तर चोराची हिंमत होत नाही, म्हणून सराफांनीच खाऊवाल्यांना जागा दिली, असं सांगतात.

मराठी माणसाने इथे साबुदाण्याची खिचडी खाऊन पाहावीच. आपण ती कढईत तूप-जिऱ्याच्या फोडणीवर परततो. आच जरा चुकली की गोळा होतो. इंदूरकर भिजवलेला साबुदाणा पाण्याच्या वाफेवर ठेवतात. वाफ शंभर अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे दाणा करपत नाही. तापलेल्या लोखंडाला तो टेकतच नाही, म्हणून तळाला धरतही नाही. खिचडी तासन्‌तास गरम आणि मोकळी राहते. रात्री बारालाही पहिल्या गिऱ्हाइकासारखीच प्लेट मिळते, ती यामुळे. जिरावन, मिरची, कोथिंबीर, लिंबू, शेव हे सगळं गिऱ्हाईक समोर आल्यावरच कालवतात. जिरावन हा माळव्याचा आंबट-तिखट मसाला. सकाळच्या पोह्यांवरही तोच.

थंडीत गेलात तर गराडू सोडू नका. आपल्या कोनफळाचाच हा भाऊबंद. त्याचे तुकडे दोनदा तळतात. पहिल्या तळणीत आतला पिठूळ गर शिजतो, दुसऱ्या कडक तळणीत वरचं पाणी उडून कुरकुरीत कवच धरतं. वर मसाला आणि लिंबू. भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, हातभर जिलेबा हेही आहेतच, पण पोटाला मर्यादा असते.

शेवटची भट्टी विझते, रस्ता झाडला जातो. काही तासांनी त्याच शटरांमागून सोनं तोलायचे काटे बाहेर येतात.