मनाचा शोध, लेखांक ६ : पाटण्याच्या अफवा आणि एक डॉलर

गेल्या आठवड्यात आपण प्रश्नावलीची पद्धत पाहिली. लोकांना विचारायचे आणि उत्तरांचा हिशेब मांडायचा. पण आपण असे का वागलो, हे माणसाला स्वतःलाच ठाऊक नसेल तर? मग नुसते विचारून भागत नाही. अशा वेळी संशोधक कोणती वाट धरतात, हे आज एका गाजलेल्या संशोधनाच्या आधारे पाहू. त्याचे मूळ बिहारमध्ये आहे.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ प्रचंड भूकंपाने हादरले. मुंगेर, मुझफ्फरपूर उद्ध्वस्त झाले. त्यानंतरच्या दिवसांत लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी टिपून ठेवल्या. पाटण्यावर मोठे वादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार, नेपाळकडून पुराचा लोंढा मधुबनीकडे निघाला आहे, अशा त्या अफवा होत्या. त्यांवरचा प्रसाद यांचा लेख १९३५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त प्रसिद्ध झाला.

ही क्षेत्रीय निरीक्षणाची पद्धत. इथली भीती खरी असते, कोणी मुद्दाम घडवून आणलेली नसते. हे या पद्धतीचे बळ. पण भूकंप संशोधकाच्या हातात नसतो, त्यामुळे नेमक्या कोणत्या कारणाने काय घडले, हे वेगळे काढता येत नाही.

पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी १९५० मध्ये दार्जिलिंग भागात दरडी कोसळल्यानंतरच्या अफवांचा अभ्यास केला. तिथे माणसे मेली होती, घरे गेली होती. तरीही ‘याहून भयंकर काहीतरी येणार’ अशा अफवा तिथे पसरल्या नाहीत.

हे दोन्ही अभ्यास अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर यांनी वाचले. आधीच घाबरलेले लोक आणखी घाबरवणाऱ्या बातम्या का पसरवतात, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांचा तर्क असा : ज्यांना हादरे जाणवले पण डोळ्यांसमोर विध्वंस दिसला नाही, त्यांच्या मनात भीती होती आणि तिला साजेसे कारण नव्हते. ते कारण अफवांनी पुरवले. दार्जिलिंगमध्ये कारण समोरच पडलेले होते. मनातल्या दोन गोष्टी जुळेनाशा झाल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि त्या जुळवून घेऊ पाहतो. हाच बोधात्मक विसंवादाचा सिद्धान्त फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

तर्क देखणा आहे, पण एवढ्याने तो सिद्ध होत नाही. एकीकडे भूकंप, दुसरीकडे दरडी. मध्ये सोळा वर्षांचे अंतर, मुलूख वेगळा, माणसे वेगळी. फरक नेमका कशामुळे पडला, हे कोण सांगणार? इथे प्रयोगाची गरज लागते. प्रयोगात शक्य तेवढ्या गोष्टी सारख्या ठेवायच्या आणि एकच बदलायची.

१९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांना तासभर कमालीचे कंटाळवाणे काम दिले : ट्रेमध्ये रिळे भरायची, रिकामी करायची, मग फळीवरच्या ४८ खुंट्या पाव-पाव वळणाने फिरवत बसायचे. त्यानंतर काहींना, ‘काम फार मजेचे होते’ असे पुढच्या व्यक्तीला खोटे सांगायला लावले. एका गटाला त्यासाठी १ डॉलर दिला, दुसऱ्याला २०. तिसऱ्या, नियंत्रित गटाला खोटे बोलायला सांगितलेच नाही. कोण कोणत्या गटात जाणार, हे यदृच्छेने ठरले. म्हणजे बोलके-अबोल, हौशी-आळशी असे सगळे तिन्ही गटांत विखुरले जावेत, ही व्यवस्था.

शेवटी, काम कितपत आवडले, हे उणे ५ ते अधिक ५ या मापपट्टीवर विचारले. विचारणाऱ्याला समोरचा कोणत्या गटातला हे माहीत नव्हते, कारण माहीत असते तर नकळत त्याच्या विचारण्याचा कल बदलला असता. नियंत्रित गटाची सरासरी आली उणे ०.४५, वीस डॉलरवाल्यांची उणे ०.०५ आणि एक डॉलरवाल्यांची अधिक १.३५. वीस डॉलरवाल्यांना खोटे बोलण्याचे कारण हाताशी होते. एका डॉलरवाल्यांना ते पुरेसे नव्हते, म्हणून त्यांचे मतच बदलले.

प्रयोगालाही मर्यादा असतात. इथले सहभागी एकाच विद्यापीठातले, सगळे पुरुष, आणि अखेरच्या हिशेबात अवघे ६०. म्हणून असे प्रयोग पुन्हा करून पाहावे लागतात. याच सिद्धान्तावरचा वेगळ्या धाटणीचा एक नावाजलेला प्रयोग अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, तेव्हा मूळ अपेक्षेला ठाम आधार मिळाला नाही. सिद्धान्त त्यामुळे निकालात निघाला नाही, पण तो कोणत्या परिस्थितीत लागू पडतो, हा प्रश्न पुन्हा खुला झाला.

प्रसाद यांच्या टिपणांवाचून प्रश्न सुचला नसता, सिन्हा यांच्या तुलनेवाचून तो धारदार झाला नसता आणि प्रयोगावाचून उत्तर तपासता आले नसते. म्हणून ‘मानसशास्त्राने सिद्ध केले’ असे वाक्य कुठे वाचले, तर आधी हे विचारावे : कोणत्या पद्धतीने, कोणावर, आणि नंतर कोणी ते पुन्हा पडताळले का?

(पुढील लेखांकात : संशोधक स्वतःच अभ्यासाच्या गटात सामील होतो तेव्हा काय साधते, काय बिघडते आणि त्यात नीतीचे कोणते प्रश्न उभे राहतात.)