सायकलवरून यांगश्वो

चीनच्या दक्षिणेला ग्वांगशी नावाचा प्रांत आहे. तेथल्या ग्वैलिन शहरापासून ली नदीच्या काठाने सुमारे ८३ किलोमीटर खाली गेले की यांगश्वो लागते. चिनी चित्रांतले धुक्यातले सुळके पाहून 'असे डोंगर कुठे असतात काय!' असे ज्यांना वाटले असेल, त्यांनी एकदा येथे यावे. चीनच्या वीस युआनच्या नोटेवर याच नदीचा देखावा आहे. २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयतांनी या मुलखात पाच दिवस सायकलवरून काढले. विमानाने इतक्या दूर जायचे आणि तेथे पोचल्यावर निसर्गाला त्रास नको म्हणून सायकल चालवायची, यातली गंमत आमच्या चिरंजीवांनी निघण्यापूर्वीच दाखवून दिली होती. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

आमच्या तुकडीत आठ माणसे होती. रोजची मजल तीसएक किलोमीटरांची. एवढे ऐकूनच वाचकांना धाप लागली असेल, तर सांगतो, घाबरण्याचे कारण नाही. आपला सह्याद्री लाव्ह्याचा. हे डोंगर चुनखडीचे. तीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला हा दगड पावसाच्या पाण्यात विरघळत गेला आणि उरले ते हे सुळके. ते जमिनीतून एकदम सरळ वर उठतात. मधली जमीन मात्र ताटासारखी सपाट. त्यामुळे घाट न चढता दोन डोंगरांच्या मधून सायकल बिनबोभाट निघून जाते. आमच्या सौ.ने शाळा-कॉलेजच्या दिवसांत पुण्याचे सगळे रस्ते सायकलने पालथे घातलेले. ती पुढे आणि मी मागे, हा क्रम पाचही दिवस टिकला.

आमची वाटाडी पंचविशीतली मुलगी होती, तिथल्याच खेड्यातली. चार वर्षे शेजारच्या ग्वांगतुंग प्रांतातल्या कारखान्यात काम करून ती घरी परतली होती. पाणकावळ्यांकडून मासे पकडणारे कोळी दाखवायला तिने साफ नकार दिला. "आता ते फोटोसाठी उभे राहतात," म्हणाली. लीवरच्या 'बांबूच्या' तराफ्यांपैकी पुष्कळसे आता प्लॅस्टिकच्या नळ्यांचे असून ते इंजिनावर चालतात, हेही तिनेच सांगितले. त्याऐवजी तिने आम्हांला युलुंग या उपनदीच्या काठाने नेले. तेथले तराफे खऱ्या बांबूचे, काठीने ढकलायचे. १४१२ साली बांधलेला एका कमानीचा दगडी पूल अजून तेथे उभा आहे. आम्ही त्यावर बसून पोमेलो, म्हणजे आपला पपनस, सोलून खाल्ला. वाऱ्यावर ग्वैच्या फुलांचा वास येत होता. ही फुले आपल्या जाई-जुईच्या कुळातली, आणि ग्वैलिन या नावाचा अर्थच मुळी ग्वैचे वन.

भाताची दुसरी कापणी चालू होती. रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेले, त्यामुळे आम्ही सायकली हातात धरून चालत होतो. पण राखणीला बसलेली माणसे पाहावीत तर साठीपलीकडली, नाही तर शाळेतली पोरे. मधली पिढी कारखान्यांत. मोटारीतून जाणाऱ्याला हे दिसणार नाही. त्याला डोंगरच दिसतील.

मुक्काम शेतकऱ्यांच्या घरांत. जेवणाचे आणि झोपण्याचे पैसे थेट घरधनिणीच्या हातात पडत. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत. दर घरी उकळलेल्या पाण्याचा थर्मास असतोच. चौथ्या रात्री आम्ही वाटाडीच्याच घरी उतरलो. आजीने भाज्या भरून केल्या होत्या. हा यांगश्वोचा खास प्रकार. आत एरवी डुकराचे मांस असते, पण आमच्यासाठी सोयाबीनचे पनीर. सौ.ला भरल्या वांग्यांची आठवण झाली आणि तिने पिशवीतून चकल्यांचा डबा काढला. आजीने एक चकली दिव्यापुढे धरून तिचे वेढे मोजले.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी "दीदी, दीदी" म्हणून बोलू लागली. सौ.ने विचारले, "थोरली बहीण वाटतं?" मुलगी हसली. चिनी भाषेत दीदी म्हणजे धाकटा भाऊ! मराठीच्या मास्तराला याहून मोठा फराळ कोणता?

भाऊ शेन्झेनला कारखान्यात. त्याचा तीन वर्षांचा मुलगा आजीच्या मांडीवर झोपला होता. गावात परत यावे का, असे तो बहिणीला दर महिन्याला विचारतो, हे तिने आम्हांला नंतर सांगितले. त्या रात्री त्याने विचारले होते, वसंतात किती पाहुणे ठरले आहेत? तिने वही पाहून सांगितले, नऊ. मग पावसाचे महिने, तेव्हा सायकलवाले कोणी येत नाहीत. तो म्हणाला, नवे वर्ष जाऊ दे, मग बघू.

आजीला ऐकू कमी येते. तिने मान वर करून काही विचारले. आपल्यासारखीच तेथेही भेटल्यावर पहिली चौकशी जेवणाची करतात. मुलगी तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "जेवलाय तो, आजी. पोटभर जेवलाय."