संगमनेरएवढ्या गावात बाईक रेसिंगची लीग पिढ्यान्‌पिढ्या चालते, मग आपला सीझन चार आठवड्यांत का संपतो?

तारीख २८ जानेवारी २०२४. ठिकाण पुण्यातलं बालेवाडी. एरवी ज्या क्रीडासंकुलात पळण्याच्या आणि कबड्डीच्या स्पर्धा होतात, तिथे मातीचे उंचवटे रचले होते आणि त्यावरून बाईक उडत होत्या. उडत होत्या म्हणजे खरंच उडत होत्या. दोन्ही चाकं हवेत, खाली चिखलमातीचा ट्रॅक आणि शेजारून तेवढ्याच उंचीवर उडणारा दुसरा गडी.

ही होती सिएट इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या सीझनची पहिली फेरी. आयपीएलसारखा रायडर्सचा लिलाव झाला होता. सहा टीम होत्या. परदेशी रायडर होते, भारतीय होते आणि ८५ सीसीच्या छोट्या बाईक चालवणारी पोरंही होती. पुण्यानंतर ११ फेब्रुवारीला अहमदाबाद झालं, २५ फेब्रुवारीला बंगळुरू झालं आणि बिगरॉक मोटरस्पोर्ट ही टीम चॅम्पियन झाली.

आणि सीझन संपला. तीन रविवार, विषय कट.

दुसरा सीझन यायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. तेव्हा सलमान खान ब्रँड अ‍ॅम्बेसेडर म्हणून आला होता, त्यामुळे ज्यांना सुपरक्रॉस म्हणजे काय हे माहीत नव्हतं त्यांच्या मोबाईलवरही रील्स पोहोचल्या. पण फेऱ्या पुन्हा तीनच. पुणे, हैदराबाद आणि कोझिकोड.

आता लीग म्हटलं की आपल्या डोक्यात दोन महिने रोज संध्याकाळी चालणारी मॅच असते. मग बाईकच्या रेसिंगमध्ये तसं होऊच शकत नाही का? होतं की. जगात एक खेळ असा आहे की ज्याची लीग जवळपास शंभर वर्षं चालू आहे, आणि ती चालवणारी गावं मुंबई-पुण्याएवढी नाहीत. आपल्या नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाएवढी आहेत.

त्या खेळाचं नाव स्पीडवे.

स्पीडवे सुपरक्रॉसचा चुलतभाऊ समजा. माती दोघांना लागते, पण सुपरक्रॉसमध्ये उड्या आहेत, स्पीडवेमध्ये घसरणं आहे. लंबगोल सपाट ट्रॅक, साधारण तीनशे-चारशे मीटरचा. त्यावर चार रायडर. डावीकडेच वळायचं, चार फेऱ्या मारायच्या, खेळ एका मिनिटात खलास. बाईक ५०० सीसीची, एकच सिलेंडर, इंधन पेट्रोल नाही तर मिथेनॉल. गिअर एकच. आणि ब्रेक?

ब्रेक नाहीतच.

वळणावर वेग कमी करायचा तर मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरवायचं, हँडल उलट्या दिशेला वळवायचं आणि डावा पाय मातीवर टेकवायचा. त्यासाठी डाव्या बुटाखाली लोखंडी तळ बांधलेला असतो. लाल मातीच्या रस्त्यावर ज्याने एकदा तरी मोटरसायकल घसरवली आहे त्याला यातली निम्मी गोष्ट लगेच कळेल. उरलेली निम्मी म्हणजे हे सगळं शंभरच्या आसपासच्या वेगाने करायचं, तेही हातभर अंतरावर तिघं असताना.

बरं, ब्रेक नसणं जास्त धोक्याचं वाटतं, पण त्यामागे हिशोब आहे. चौघं एकमेकांना चिकटून वळणावर येतात. तिथे पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचा थेट त्याच्या अंगावर. कुणालाच अचानक थांबता येत नाही, म्हणून मागच्याला पुढचा काय करणार याचा अंदाज राहतो.

या खेळाची सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावी १९२३ च्या डिसेंबरमध्ये झाली असं सांगितलं जातं. १९२८ च्या फेब्रुवारीत तो लंडनजवळ हाय बीचला पोहोचला, तुफान गर्दी झाली आणि पुढच्याच वर्षी, १९२९ ला, इंग्लंडमध्ये लीग सुरू झाली. इथे मुद्दा गर्दीचा नाही. गर्दी तर आपल्याकडे जेसीबी चालू असला तरी होते. मुद्दा हा की एका वर्षात त्यांनी त्या गर्दीला टीम, वेळापत्रक आणि गुणतक्ता दिला.

मॅच कशी होते? दोन टीम, पंधरा हीट. प्रत्येक हीटमध्ये दोन रायडर घरच्या टीमचे, दोन पाहुण्यांचे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. म्हणजे एका हीटचे सहा गुण, पंधरा हीटचे नव्वद. ज्याने शेहेचाळीस गाठले त्याने मॅच मारली. एवढं सोपं गणित आहे, त्यामुळे स्टँडमधले म्हातारे पेन आणि छापील कार्यक्रमपत्रिका घेऊन बसतात आणि प्रत्येक हीटनंतर आकडे भरतात.

यातली खरी मजा अशी की एकटा हिरो टीमला जिंकवू शकत नाही. तुमचा स्टार रायडर पहिला आला आणि त्याचा जोडीदार चौथा, तर गुण झाले तीन. समोरच्यांचे दुसरा आणि तिसरा, म्हणजे तेही तीनच. म्हणून पुढे असलेला रायडर मागे वळून बघतो, आपल्या जोडीदाराला वाट मोकळी करून देतो, समोरच्याची वाट अडवतो. बाईकवर बसून कबड्डी चालते म्हणा ना.

आता त्या गावाकडे येऊ. पोलंडमध्ये लेस्नो नावाचं गाव आहे. लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास. म्हणजे २०११ च्या जनगणनेतलं आपलं संगमनेर शहर जेवढं, जवळपास तेवढंच. या गावात फक्त स्पीडवेसाठी स्टेडियम आहे आणि त्यात पंधरा हजारांवर लोक बसतात. गावाची टीम, युनिया लेस्नो, पोलंडची सर्वाधिक वेळा चॅम्पियन झालेली टीम आहे. २०१७ ते २०२० तर सलग चार वर्षं.

पोलंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एकस्त्रालीगात, आठ टीम असतात. प्रत्येक टीम उरलेल्या सातांशी दोनदा भिडते, एकदा घरी आणि एकदा त्यांच्या गावी. चौदा मॅच झाल्या की बाद फेरी. वसंत ऋतूत, एप्रिलच्या आसपास, सुरू झालेला सीझन सप्टेंबरअखेरपर्यंत पुरतो. आणि सगळ्यात खाली राहिलेली टीम खालच्या लीगमध्ये घसरते. लेस्नोसारख्या खानदानी टीमचंही २०२४ ला हेच झालं. खाली गेले, २०२५ ला खालची लीग जिंकून पुन्हा वर आले. टीम खाली गेली म्हणून मालकाने ती दुसऱ्या शहराला विकली, असं झालं नाही. गावाची टीम गावातच राहिली.

रायडरचं आयुष्य मात्र भलतंच भटकं. बरेच मोठे रायडर एकाच वेळी दोन-तीन देशांच्या लीगमध्ये खेळतात. सोमवारी इंग्लंड, मंगळवारी स्वीडन, बुधवारी डेन्मार्क, शुक्रवारी किंवा रविवारी पोलंड. बाईक व्हॅनमध्ये टाकायच्या, मेकॅनिक रात्रभर गाडी चालवणार, रायडर विमानाने येणार. बाईक, इंजिन, मेकॅनिक हा खर्च बहुतांशी रायडरच्याच खिशातून. पोलंडमध्ये करार करताना एक रक्कम मिळते आणि पुढे जेवढे गुण मिळवाल तेवढे पैसे.

पाथर्डी-शेवगावच्या माणसाला हा हिशोब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आधी उचल घ्यायची, मग टनावर मजुरी. तुलना थोडी ओढून आणलेली आहे, कारण वरच्या फळीतले रायडर चांगले श्रीमंत असतात. पण हात मोडून घरी बसलं की गुण बंद आणि गुणांचे पैसेही बंद, हे तिथेही तसंच. डार्सी वॉर्ड नावाचा ऑस्ट्रेलियन रायडर पुढचा जगज्जेता म्हणून बघितला जायचा. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलंडमधल्या एका मॅचमध्ये तो पडला, पाठीच्या कण्याला मार लागला आणि तो व्हीलचेअरवर गेला. तेवीस वर्षांचा होता.

मग अशा खेळात नवी पोरं येतात कुठून?

इथे पोलंडच्या लीगने एक नियम करून ठेवला आहे, आणि सगळ्यात जास्त शिकण्यासारखा तोच आहे. प्रत्येक टीमला २१ वर्षांखालचे स्थानिक ज्युनियर रायडर मैदानात उतरवावेच लागतात. मॅचची दुसरी हीट फक्त ज्युनियर पोरांची. तिचे गुण मोठ्यांच्या गुणांएवढेच. म्हणजे करोडोंचा परदेशी स्टार आणला आणि गावातली पोरं तयारच केली नाहीत, तर दर मॅचला त्या हीटमध्ये मार खायचा. त्यामुळे क्लबला झक मारून शाळकरी पोरांसाठी ट्रॅक उघडावा लागतो. आजचा सगळ्यात मोठा रायडर बार्तोश झ्मार्झलिक याच वाटेने आला. गोझुफ शहराजवळच्या खेड्यातला पोरगा, तिथल्याच क्लबात शिकला, आणि २०१९ ते २०२५ या काळात सहा वेळा जगज्जेता झाला.

दुसऱ्या बाजूला इंग्लंड बघा. लीग त्यांनी सुरू केली, पण स्टेडियम बरीचशी खासगी मालकीची. शहर वाढलं, जमिनीला भाव आला आणि एकेक ट्रॅक गेला. कोव्हेंट्रीचा ब्रँडन ट्रॅक २०१६ नंतर बंद. वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो, दोघांचाही शेवटचा सीझन २०२३. प्रेक्षक होते, रायडर होते, परंपरा होती, पण जागा दुसऱ्याची होती. पोलंडमध्ये बहुतेक स्टेडियम नगरपालिकांच्या ताब्यात आहेत, त्यामुळे तिथे एनए प्लॉटिंगचा बोर्ड लावणं एवढं सोपं नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून आपल्या लीगकडे परत या. भारतीय सुपरक्रॉस लीगने काही गोष्टी बरोबर पकडल्या आहेत. गुण टीमचे धरले. ४५० सीसी आणि २५० सीसीच्या आंतरराष्ट्रीय गटांसोबत भारतीय आणि आशियाई रायडर्सचा वेगळा गट ठेवला, ज्युनियर पोरांचाही ठेवला. मालकही नुसते पैसेवाले नाहीत. पहिला सीझन जिंकलेल्या बिगरॉकचा मालक सी. एस. संतोष हा डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय, आणि २०२१ च्या डाकारमधल्या जीवघेण्या अपघातातून वाचलेला माणूस. कोल्हापूरच्या मोहितेंची टीम पहिल्या सीझनला होती आणि त्यांच्याकडे कोल्हापुरात रेसिंगचा जुना वारसा आहे.

अडतं कुठे, तर जागेवर. तीन शहरांत सगळ्याच्या सगळ्या टीम एकदम उतरतात, तात्पुरता ट्रॅक बनतो, रेस झाली की माती उचलायची आणि मैदान होतं तसं करून द्यायचं. कुठल्याच टीमला घरचं मैदान नाही. मंगळवारी शाळा सुटल्यावर एखादं पोरगं जिथे सरावाला जाईल असा ट्रॅक या तीन फेऱ्यांतून मागे राहत नाही.

नगर जिल्ह्याचा विचार केला तर गंमत अशी की बाकीचं सामान इथे पडून आहे. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, त्यामुळे जागेची ददात नाही. लष्कराची वाहनं जिथे घासूनपुसून तपासली जातात ती डीआरडीओची वाहन संशोधन संस्था नगरलाच आहे, तिचे खास चाचणी ट्रॅक आहेत. अर्थात ते तुमच्या-आमच्यासाठी नाहीत. आणि प्रेक्षक? २०२५ च्या सुरुवातीला वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा ते दिसलंच. बैलगाडा शर्यतीचं तर विचारूच नका. २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं. एवढी वर्षं थांबूनही पारनेर-संगमनेरकडची गर्दी कमी झाली नाही. घाटात सेकंदाच्या हिशोबावर भांडणारा हा प्रेक्षक स्पीडवेचं गणित अर्ध्या तासात शिकेल. फक्त आज तरी इथे बाईक पळवून बैल मिळत नाही, बैल पळवून बक्षिसाला बाईक मिळते.

पैशाचा प्रश्न त्याहून अवघड. केटीएमने नोव्हेंबर २०२४ ला भारतात मोटोक्रॉसच्या बाईक आणल्या, त्यातली ज्युनियर गटाची ८५ सीसीची बाईक ६ लाख ६९ हजारांची, तर ४५० सीसीची १० लाख २५ हजारांची. एक्स शोरूम. या बाईकना नंबर प्लेट मिळत नाही, रस्त्यावर आणता येत नाहीत, म्हणजे दूध घालायलाही उपयोग नाही.

मग पोरगं करतं काय? बापाची किंवा मित्राची बाईक घेऊन हायवेवर जातं. तिथला हिशोबही माहीत असलेला बरा. सार्वजनिक रस्त्यावर रेस लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर कैद एक वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम १९९अ लागतं. पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही.

लेस्नोत त्याच वयाचं पोरगं दुसऱ्या हीटसाठी गेटवर उभं असतं.