हरवलेले चार सेंटिमीटर

धाराशिव जिल्ह्यात साठीच्या बाईला पाठीचं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, ‘मणक्यात गॅप पडलाय’. कधी तरी कुणी एक्स-रे पाहून तसं सांगितलेलं असतं. कमरेचा पट्टा मिळतो, आठवडाभराच्या गोळ्या मिळतात आणि विषय तिथंच मिटतो. पण त्याच बाईनं स्वतःच्या अंगात आणखीही काही बदल पाहिलेले असतात. ती ते डॉक्टरांना सांगत नाही, कारण ते तिला दुखणं वाटत नाहीत. रोजचं लुगडं आता जमिनीवर लोळतं. फडताळातल्या वरच्या डब्याला हात पुरत नाही. अंगावर मांस नसताना पोट मात्र पुढं आलंय. दोन घास खाल्ले की पोट भरतं. पूर्वी ती लेकीच्या बरोबरीची होती, आता तिच्या कानापर्यंतच येते.

हे म्हातारपण आहे, असं घरातले सगळे म्हणतात, आणि ते अर्धंच खरं आहे.

चाळिशीनंतर प्रत्येकाची उंची थोडी थोडी उतरते. दर दहा वर्षांत साधारण एक सेंटिमीटर घट झाली, तर ती वयाची म्हणायची. मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी कमी होतं, त्या पातळ होतात, शरीर जरा झुकतं. पण तरुणपणीच्या उंचीत चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घट झाली, किंवा मोजून ठेवलेली उंची पुढच्या मोजणीत दोन सेंटिमीटरनं उतरली, तर एखादा मणका दबला असण्याची शंका घ्यायला हवी. अशा वेळी पाठीच्या कण्याचा एक्स-रे काढावा, असं हाडांच्या तज्ज्ञ संघटना सांगतात.

मणका दबणं म्हणजे तो मोडणंच. हात मोडला की कळतो, मांडीचं हाड मोडलं की माणूस जागचा हलत नाही, पण मणका मोडूनही बाई दुसऱ्या दिवशी भाकरी थापते. मणक्यांच्या अशा मोडींपैकी सुमारे दोन तृतीयांश निदानाविना राहतात. मणक्याच्या आत हाडाची बारीक जाळी असते. जुनं हाड खरवडणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशी तिथं आयुष्यभर काम करतात. पाळी थांबल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं, खरवडणाऱ्या पेशी मोकाट सुटतात आणि भरणाऱ्या मागं पडतात. जाळीचे आडवे धागे आधी तुटतात. मराठवाड्यातल्या माळवदाच्या तुळया एकेक करून काढाव्यात तसंच हे घडतं. छत लगेच पडत नाही, पण मग एखाद्या दिवशी नेहमीच्याच ओझ्यानं बसतं. मणका पुढच्या बाजूनं खचतो, पाचरीसारखा होतो आणि त्याच्या वरचा सगळा कणा पुढं झुकतो. असे दोन-तीन मणके खचले की बाक येतो, बरगड्या कमरेच्या हाडाला टेकू लागतात, पोटाला आणि फुप्फुसांना जागा उरत नाही. पुढं आलेलं पोट, लवकर भरणारी भूक, जळजळ, चढावर लागणारी धाप या सगळ्यांचं मूळ तिथं असतं.

पहिली मोड सापडणं इतकं महत्त्वाचं का, याचं उत्तर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मिळतं. ज्या स्त्रियांचा मणका नुकताच मोडला होता, त्यांच्यातल्या जवळपास पाचांतल्या एकीचा दुसरा मणका वर्षभरातच मोडला. म्हणजे हाताशी असतं ते एक वर्ष.

पाठीच्या या दुखण्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. वीणा शत्रुघ्न यांनी फार आधी लक्ष वेधलं होतं. बायकांची पाठदुखी ही तक्रारखोरी नाही, तिच्यामागे कुपोषण आहे, असं त्या १९९० पासून मांडत होत्या. २००५ साली त्यांच्या गटानं गरीब वस्त्यांमधल्या ३० ते ६० वयाच्या २८९ स्त्रियांची हाडं तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. २९ टक्के स्त्रियांच्या मांडीच्या हाडाच्या मानेत ठिसूळपणा निघाला. यातल्या बऱ्याच जणी म्हाताऱ्या नव्हत्याच. १९४८ पर्यंत धाराशिव हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचाच भाग होता. तिथलं पाणी, ज्वारी आणि गरिबी या जिल्ह्याला परकी नाही.

इथं मात्र आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे हाडांच्या अंगानं फारसं कुणी पाहत नाही. दिवाळीच्या सुमाराला भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई ऊस साळते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. पाळीचा त्रास, अंगावरून पाणी जाणं, खाडा झाला की दंड, यांतून सुटका म्हणून तिशीतच ‘पिशवी काढून टाक’ असा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या अशा शस्त्रक्रियांवर गदारोळ झाला आणि राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिथल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटाचं देशभराचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. अंडाशयं ठेवली, तरी पाळी जायची वेळ काही वर्षं अलीकडे येऊ शकते. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. पस्तिशीत अंडाशयं गमावलेल्या बाईची हाडं दहा वर्षं आधीच झिजू लागतात, आणि झीज सर्वांत वेगानं होते ती पहिल्या पाच-सात वर्षांत. नेमकी तीच वर्षं तिची मोळ्या वाहण्याची असतात. पन्नाशीत ती वाकलेली दिसली तर त्यात नवल नाही. अशा स्त्रियांना, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या अशी अडचण नसेल तर, पन्नाशीपर्यंत हॉर्मोनची गोळी देणं हा रास्त उपाय आहे. शस्त्रक्रियेनंतर तो विषय निघायलाच हवा. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहून ठेवणं म्हणूनच गरजेचं आहे.

आता निदानाबद्दल. हाडांची घनता मोजणारं डेक्सा यंत्र मोठ्या शहरांत असतं. जिल्ह्यातले बरेच लोक मोठ्या तपासण्यांसाठी सोलापूर, लातूर किंवा पुणं गाठतात. त्या तपासणीत टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये ठरवलं. पण डेक्सा नाही म्हणून निदान अडत नाही. पडझड, अपघात काही नसताना मणका खचलेला एक्स-रेत दिसला, आणि खचण्याचं दुसरं कारण सापडलं नाही, तर ऑस्टिओपोरोसिसचं निदान तिथंच होतं. उलट दबलेला मणका डेक्सात घट्ट दिसून फसवू शकतो. शिबिरात टाचेवर लावून होणारी अल्ट्रासाउंड तपासणी फक्त इशारा देते, तेवढ्यावर औषध सुरू करायचं नसतं.

दुसरी कारणं मात्र नीट शोधावी लागतात. आपल्याकडे मणका खचवणारा जुना वैरी क्षयरोग आहे. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, आराम करूनही न थांबणारं दुखणं असेल तर आधी त्याचा तपास व्हावा. थायरॉइडचा विकार, मायलोमा हा रक्ताचा कर्करोग, आणि सांधेदुखी-दम्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइड ही आणखी काही कारणं. नाव नसलेल्या ज्या पुड्या घेतल्या की सांधे एका दिवसात मोकळे होतात, त्यांत स्टेरॉइड असू शकतं. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं हाड मऊ पडलं असेल, तर आधी ती कमतरता भरून काढावी लागते. तसं न करता हाडांचं जोरदार इंजेक्शन दिलं, तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं.

औषधांची निवड बाईचं हाड पाहून करायची, तशीच तिचं वर्ष कसं जातं हे पाहूनही करायची. अलेंड्रोनेट ही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सर्वांत जुनी आणि स्वस्त. मणका आधी मोडलेल्या स्त्रियांत तिनं नव्या मोडी जवळपास निम्म्यावर आणल्याचं १९९६ मध्ये सिद्ध झालं. मात्र ती पहाटे उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास चहाही घ्यायचा नाही, आडवंही व्हायचं नाही, नाही तर अन्ननलिकेला जखम होते. जिचा बाक इतका आहे की तिला ताठ बसवत नाही, तिला ही गोळी झेपत नाही. जिला झेपते, तिनं आठवडी बाजाराचा दिवस गोळीचा ठरवून टाकावा.

झोलेड्रोनिक आम्ल वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. २००७ च्या मोठ्या चाचणीत त्यानं मणक्यांच्या मोडी ७० टक्क्यांनी आणि खुब्याच्या ४१ टक्क्यांनी कमी केल्या. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते, हे आधी सांगितलं नाही तर बाई पुढच्या वर्षी फिरकत नाही. मूत्रपिंड नीट चालतं का, हे तपासूनच ते द्यायचं. सहा महिने गाव सोडून जाणाऱ्या बाईसाठी हा उपाय सर्वांत सोयीचा वाटतो. टोळी परतली की उन्हाळ्यात एक सलाइन, आणि वर्षभराची काळजी मिटते.

डेनोसुमॅब हे दर सहा महिन्यांनी पोटावर किंवा दंडात टोचायचं इंजेक्शनही परिणामकारक आहे. त्याचा धोका वेगळाच आहे. पुढचा डोस लांबला किंवा चुकला की दाबून ठेवलेली झीज उसळून येते आणि काही जणींचे एकामागून एक मणके मोडतात. ते बंद करायचं तर त्याजागी दुसरं औषध द्यावंच लागतं. ज्या घरात पुढच्या सहामाहीला पैसा असेल की नाही, बाई गावात असेल की कर्नाटकातल्या फडावर, हे ठरलेलं नाही, तिथं हे इंजेक्शन विचार करूनच सुरू करावं.

ही तिन्ही औषधं झीज रोखतात. टेरिपॅराटाइड नवं हाड बांधतं. रोज एक टोचणी, साधारण दीड ते दोन वर्षं. मणके आधीच मोडलेल्या स्त्रियांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत टेरिपॅराटाइडच्या गटात ५.४ टक्के, तर झीज रोखणारी रायसेड्रोनेट ही गोळी घेणाऱ्या गटात १२ टक्के जणींचे नवे मणके मोडले. दोन-तीन मणके खचलेल्या बाईला परवडत असेल, तर सुरुवात याच औषधानं करणं शहाणपणाचं. मात्र ते संपल्यावर झीज रोखणारं औषध दिलं नाही, तर बांधलेलं हाड पुन्हा जातं. मणक्यात सिमेंट भरण्याची शस्त्रक्रियाही सुचवली जाते. खोटी शस्त्रक्रिया करून तुलना केलेल्या दोन चाचण्या २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि दोन्हींत तिचा वेगळा फायदा दिसला नाही. घाईनं तिकडे वळू नये.

या औषधांनी जबडा सडतो, मांडीचं हाड तुटतं, हे ऐकून बरेच जण उपचार सोडतात. हे दुष्परिणाम खरे आहेत, पण फार विरळ आहेत. किडका दात आधी काढून घ्यावा, आणि जोखीम आटोक्यात आली असेल तर गोळीला साधारण पाच वर्षांनी, सलाइनला तीन वर्षांनी विश्रांती देता येते.

गेलेली उंची कोणत्याही औषधानं परत येत नाही. उरलेली टिकवायची असते, आणि वाकलेल्या पाठीनं जगणं सुसह्य करायचं असतं. दिवसातून दोनदा पोटभर जेवण्याऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं खावं. खालचं उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून बसावं. हापशावरची घागर एकाच कमरेवर न घेता पाणी दोन हातांत दोन लहान बादल्यांतून आणावं. झाडूला लांब दांडा लावावा, चूल ओट्यावर घ्यावी. व्यायामाबाबत मेयो क्लिनिकचा १९८४ चा एक छोटा अभ्यास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पाठ मागे ताणणाऱ्या स्त्रियांपैकी १६ टक्के जणींचे मणके नव्यानं खचले, पुढं वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचे. म्हणून ठिसूळ मणक्यांच्या बाईनं पश्चिमोत्तानासन आणि हलासन टाळावं. भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहावं, पालथं झोपून मान-छाती अलगद उचलावी आणि रोज चालावं. महिनोन्‌महिने पट्टा बांधून अंथरुणावर पडणं सर्वांत वाईट, त्यानं हाड आणखी झिजतं. शिवाय पडू नये म्हणून मोतीबिंदू काढून घ्यावा, रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा ठेवावा, गुरांचं दावं दुसऱ्याच्या हाती द्यावं.

खाण्याचं गणित सोपं नाही. पाळी थांबलेल्या स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये ठरवलं. शंभर ग्रॅम ज्वारीत ते ३० मिलिग्रॅमही नाही, म्हणजे तीन-चार भाकऱ्या खाऊनही शंभरी गाठत नाही. तेवढ्याच तिळात हजाराहून जास्त, हुलग्यात अडीचशेच्या वर, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या आसपास, दुधात १२० च्या आसपास. वेळ अमावस्येला शेतात जेवताना भज्जी आणि ताकातलं आंबील घराघरांत होतं. तसं ताट वर्षभर बाईच्या वाट्याला यायला हवं. कुंथलगिरीचा खवा राज्यभर जातो. तो आटवणाऱ्या घरांनी एक पेला दूध आजीसाठी काढून ठेवायला हवा. कमी पडेल तेवढंच गोळीतून घ्यावं. मिश्री सोडावी, ती तंबाखूच आहे.

उंची मोजायला खर्च नाही. अनवाणी उभं राहावं, टाचा आणि पाठ भिंतीला लावावी, नजर समोर, डोक्यावर पुठ्ठ्याची वही आडवी धरून भिंतीवर खूण करावी. सकाळपेक्षा संध्याकाळी उंची एक-दोन सेंटिमीटर कमी भरते, म्हणून दर वेळी सकाळीच मोजावं. तरुणपणीची उंची आठवत नसेल, तर पसरलेल्या दोन्ही हातांच्या टोकांमधलं अंतर तिच्या जवळपास असतं.

अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवलं, ते याच जिल्ह्यात. आशाताईही आता गावोगाव आहेत. मधुमेह आणि रक्तदाबाच्या तपासणीत वजनाबरोबर उंचीही घेतली जाते, पण ती लठ्ठपणा काढण्यापुरती. आरोग्य विभागानं पन्नाशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची, आणि पिशवी काढलेल्या प्रत्येकीची कोणत्याही वयात, या वर्षीची उंची गेल्या वर्षीच्या उंचीशी ताडून पाहायला सांगावं, आणि दोन सेंटिमीटरची घट दिसताच तिला एक्स-रेसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवावं.